चांदपाशाभाईंच्या दुकानात लुडो मिळत नाही

छावणीच्या बाजारात मी पहिल्यांदा गेले ती लुडो घ्यायला. आम्ही नुकताच बीड बायपासला नवा फ्लॅट घेतला होता. नातू केयूर सुट्टीत दिवसभर मोबाइलला चिकटलेला, सून मृण्मयी लॅपटॉपला, मुलगा कंपनीच्या फोनला, आणि मी खिडकीला. खिडकीतून काय दिसायचं, तर समोर आणखी एक इमारत वर चढताना. घरात बोलणं म्हणजे ‘जेवायला या’ आणि ‘गिझर बंद करा’. म्हटलं, लुडो आणावा, निदान चौघं एका सतरंजीवर तरी बसतील.

दुकान केवढं, तर दोन कॅरमबोर्ड बाहेर काढल्याशिवाय तिसरा दाखवता येऊ नये एवढं. आत पांढऱ्या दाढीचा एक माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला, बोर्डावर पावडर टाकून स्ट्रायकर घसरतो कसा ते बघत होता. मी म्हटलं, “एक लुडो द्या.”

त्यानं मान वर केली. “घरात माणसं किती?”

“चार.”

“सगळ्यात कमी कोण बोलतं?”

मला रागच आला. मी जन्मभर वीज मंडळाच्या खिडकीत बसून लोकांना उलटे प्रश्न विचारले, मला कोणी विचारायची सवय नव्हती. म्हटलं, “तुम्हाला काय करायचंय? लुडो आहे की नाही तेवढं सांगा.”

“हाय की. पण देत नाय.”

“का म्हणून?”

“लुडोत फासा खेळतो ताई, माणूस नुसता बसून राहतो. तुमच्या घरात आधीच सगळे तसे बसलेत, म्हणून तर तुमी इथवर आला. आता सांगा, कमी कोण बोलतं?”

“मी,” असं माझ्या तोंडून निघून गेलं. आणि मग निघायचं राहूनच गेलं.

त्या माणसाचं नाव चांदपाशा. त्यांनी एक कॅरमबोर्ड ओढला आणि पालथा केला. पाठीमागच्या लाकडावर ऑइल पेंटनं रंगवलेलं एक आख्खं गाव होतं. रस्ते, गल्ल्या, ओढा, बाजार, आणि जागोजागी आकडे घातलेली ठिपक्यांची घरं. खेळ असा, की एक जण लपतो आणि बाकीचे मिळून त्याला शोधतात. लपणाऱ्याची सोंगटी पटावर नसतेच. तो आपली चाल पडद्याआड कागदावर लिहितो. शोधणारे पटावर आपल्या सोंगट्या हलवतात आणि विचारतात, “इथून गेलास का?” लपणाऱ्यानं खरं सांगायचं. आणि मधूनमधून एकदा तोंड दाखवायचं, म्हणजे आत्ता कुठे आहे ते सांगायचं आणि पुन्हा नाहीसं व्हायचं. पडदा म्हणून जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा दुमडून दिला होता.

“लपायचं तुमी,” चांदपाशाभाईंनी बजावलं. “नातवाला लपवू नका. तो तसाही मोबाइलमागं लपलेलाच असंल.”

त्या दिवशी संध्याकाळी माझा मुलगा, सून आणि नातू सतरंजीवर बसून फक्त एकाच गोष्टीचा विचार करत होते, की मी कुठे गेले असेन. केयूर म्हणाला, “आजी सरळ देवळाकडे गेली असणार.” त्यावर मृण्मयी म्हणाली, “तू आजीला ओळखत नाहीस. आई देवळात जातात ते आपल्याला सांगायला. खरं त्यांना बाजारातून फिरत यायला आवडतं. आणि ओढ्यावरून तर जाणारच नाहीत, त्यांचा गुडघा दुखतो.” पटावरच्या ओढ्याचा आणि माझ्या गुडघ्याचा काही संबंध नव्हता. पण मी खरोखरच बाजारातून निघाले होते, आणि ओढा टाळला होता. ही मुलगी लॅपटॉपमधून मान वर काढून माझ्याकडे कधी बघत होती कोण जाणे. मला रडू आलं. पुठ्ठ्याचा पडदा समोर होता म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात गेले. चांदपाशाभाईंनी विचारलं, “सापडला का?” मी म्हटलं, “सापडले.” त्यांनी चहा मागवला, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

चांदपाशाभाई मूळचे खुलताबादचे. वडिलांची सीताफळाची थोडी झाडं होती. हंगामात ते दर्ग्याबाहेर टोपली घेऊन बसायचे. आई फार लवकर गेली. मिसरूड फुटायच्या आत चांदपाशाभाई छावणीत आले ते कॅरमबोर्ड घासायच्या कामाला. घासता घासता कारागीर झाले, मग दुकान टाकलं, मग शकीलाभाभींशी लग्न केलं. दुकानाच्या मागच्याच गल्लीत घर.

छावणीत एक रीत आहे. फौजेतल्या साहेबांची बदली झाली की जे ट्रकात मावत नाही ते बाजारात येतं. कूलर, कुंड्या, सायकली, कधी पियानोसुद्धा. अशाच एका बदलीत कुण्या मेजरच्या बायकोनं खेळाचा एक मोठा डबा यांच्या दुकानात टाकला. आत परक्या शहराचा नकाशा, चोर एक आणि पोलीस पुष्कळ. नियम इंग्रजीत. तेव्हा त्यांचा मुलगा जुनेद शाळेत होता. त्यानं अडखळत वाचून दाखवलं. अर्धे नियम जुनेदला समजले, उरलेले अर्धे चांदपाशाभाईंनी स्वतः घातले. आणि त्या दिवसापासून या माणसाला दुसरं काही सुचेना. फासा, सापशिडी, लुडो हे सगळं त्यांच्या लेखी नशिबाची हमाली. खेळावं तर लपायचं.

मग त्यांनी स्वतःचे खेळ काढले. एक होता ‘बिबट्या’. बिबट्या उसात लपतो, जाताना मागे पंजे ठेवतो, आणि वनखात्याची माणसं ते पंजे बघत हिंडतात. एक होता ‘बाजारचोर’, म्हणजे मी नेला तो. आणि एक होता दोघांपुरता. त्यात दोघंही लपलेले आणि दोघंही शोधणारे. सगळे कॅरमबोर्डाच्या पाठीवर रंगवलेले. पुढून कॅरम, मागून गाव. गिऱ्हाइकाला म्हणायचे, “एकाच्या किमतीत दोन घ्या, पण पुढची बाजू भिंतीकडं ठेवा.”

शहर तेव्हा भराभर वाढत होतं. सातारा परिसर, बायपास, सिडकोच्या पलीकडचे प्लॉट, सगळीकडून गाड्या घेऊन माणसं छावणीत यायची. कुणी कुणाकडून ऐकलेलं असायचं, की तिथला म्हातारा खेळ देतो पण आधी उलटतपासणी घेतो. मी जवळ बसून बघितलं आहे. नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं, दोघांपुरता खेळ मागू लागलं. चांदपाशाभाईंनी दिला नाही. म्हणाले, “अजून एकमेकाला धड सापडला नाय तुमी. लपायची काय घाई हाय?” त्यांना बिबट्या दिला आणि शेजाऱ्यांना बोलावून खेळा म्हणून सांगितलं. सासू-सून एकत्र असतील त्या घरात सासूला नेहमी शोधायला बसवायचं, असाही त्यांचा नियम होता. “ते काम त्यांना येतंच की.” मला स्वतः लपायला बसवून हे माझ्याच तोंडावर म्हणाले आणि वर बिस्किटं पुढे केली.

एकदा एक वकील आले. मुलं प्रत्येक खेळात लबाडी करतात म्हणून त्रासले होते. चांदपाशाभाई म्हणाले, “मग त्यान्लाच लपवा. या खेळात लपणारा खोटं बोलला तर कुणालाच कळत नाय. सगळ्यांचा भरवसा आपल्यावरच हाय, हे एकदा पोराला उमगलं की ते सरळ खेळतं.” वकिलांना हे पटलेलं दिसलं नाही. पण बोर्ड घेऊन गेले, आणि परत करायला काही आले नाहीत.

या सगळ्याला शकीलाभाभी खुळेपणा म्हणायच्या. त्या घरी शिलाई करायच्या. बोर्डांच्या खोळी त्याच शिवायच्या, पण बोर्डाला खेळायला म्हणून त्यांनी कधी हात लावला नाही. आम्ही रविवारी दुपारी त्यांच्या घरी डाव मांडायचो, मी, मृण्मयी, जुनेद आणि चांदपाशाभाई. जुनेद आता वाळूजला कंपनीत होता, पण रविवार चुकवत नसे. भाभी मशीनवरून मान न उचलता म्हणायच्या, “दिवसभर लोकाला लपायला शिकवत्यात. आन मटण आणा म्हटलं की सोता लपत्यात.” आम्ही खूप आग्रह केला तर, “नक्को बाबा. मला शोधायचं काम घरातच लई हाय,” म्हणून टाकायच्या.

दोन हजार सोळाचा उन्हाळा या शहरातलं कोणी विसरणार नाही. लागोपाठ पाऊस दगा देत होता. जायकवाडी आटलं होतं. आमच्या समोरची इमारत मात्र पुरी झाली, रोषणाई झाली, माणसं राहायला आली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की नळाला पाणीच नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. छावणीतही तीच गत. गल्लीगल्लीत निळे ड्रम साखळीनं बांधून ठेवलेले, आणि टँकर आला म्हटलं की नमाज, पूजा, जेवण, भांडण, जे चालू असेल ते टाकून माणसं धावायची.

चांदपाशाभाईंनी यातूनही खेळ काढला. त्याचं नावच ‘टँकर’. या वेळी पाठीवर परकं गाव नव्हतं, आपलंच शहर होतं. छावणी, पडेगाव, सिडको, बायपास, कडेला खुलताबादपासून फर्दापूरपर्यंतची गावं, सगळं. एक जण टँकर होऊन लपायचा, बाकीचे चार मोहल्ल्यांच्या बाया होऊन हंडे घेऊन हिंडायचे. टँकरला ठराविक चालींनी भोंगा वाजवावाच लागे. मी पाहिलेल्या त्यांच्या खेळांत हा सगळ्यांत जास्त खपला. त्यांच्या गल्लीत पाणी घेऊन येणारा टँकरवाला कचरू, पैठणकडच्या एका खेड्यातला, तोही एकदा बघायला आला. पट बघून पोट धरून हसला. “चाचा, मला हुडकायला एवढं डोकं कशाला? गल्लीतल्या बायांला माझा टँकर वासानं कळतोय!” गेला तेव्हा बोर्ड बगलेत होता.

आणि त्याच उन्हाळ्यात चांदपाशाभाईंच्या छातीत कळ आली.

तपासण्या झाल्या. हृदयाकडे जाणाऱ्या नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. पुढे ढकललं तर कधी काय होईल सांगता येणार नाही. चांदपाशाभाईंनी हसण्यावारी नेलं. मला म्हणाले, “ताई, गावाच्या नळाचं आन माझं दुखणं एकच निघालं.” मग कारणं सुरू झाली. रमजान होऊ दे. पाऊस पडू दे. जुनेदचं लग्न होऊ दे, आणि जुनेदसाठी तर अजून मुलगी बघायलाही सुरुवात नव्हती. शकीलाभाभींनी एकही कारण ऐकलं नाही. त्यांनी खटपट करून तारीख मिळवली. सोमवारी सकाळी दहाला भरती व्हायचं, मंगळवारी ऑपरेशन.

रविवारी आम्ही डाव मांडला नाही. चांदपाशाभाई पलंगावर बसून होते, हात मांडीखाली दाबून. मी जाताना म्हटलं, “सगळं नीट होईल.” त्यांनी नुसती मान हलवली. एरवी माझ्या एका वाक्याला त्यांची तीन असायची.

सोमवारी सकाळी सातच्या सुमारास जुनेदचा फोन. “काकू, अब्बा घरात नाहीत.”

मृण्मयीनं गाडी काढली, दोघी तशाच निघालो. छावणीत पोचलो तर जुनेद दारात येरझाऱ्या घालत होता. चांदपाशाभाई फजरच्या, पहाटेच्या नमाजाला उठले होते, चहा घेतला, मोबाइल चार्जिंगला तसाच आणि माणूस गायब. डब्यातल्या गोळ्यांच्या पट्ट्याही जागच्या जागी. म्हणजे सकाळची गोळी न घेता गेले होते. दहाला भरती व्हायचं होतं, आणि तुंबलेल्या नळ्यांचा माणूस उन्हाळ्याच्या दिवसात कुठे चालत सुटला होता देव जाणे.

आणि आम्ही काय केलं असेल? आता सांगताना हसू येतं, तेव्हा नाही आलं. मृण्मयी म्हणाली, “पट काढा.” आणि आम्ही तिघांनी खरोखर ‘टँकर’चा पट जमिनीवर पालथा घातला आणि भोवती बसलो.

जुनेद म्हणाला, “खुलताबादला गेले असतील. काही झालं की तिथंच जातात. दादीची कबर आहे.”

“म्हणूनच जाणार नाहीत,” मृण्मयी म्हणाली. “सगळ्यांना वाटतं तिथं लपणाऱ्यानं कधी जायचं नाही, हे कुणी शिकवलं आपल्याला? त्यांनीच. खुलताबाद खोडा.”

मला ते इतकं पटलं, की मीच खडूनं खुलताबादवर फुली मारली. मग दुकान खोडलं, कारण ते फार जवळ. रेल्वे स्टेशन खोडलं, कारण ते त्यांना आवडत नाही. शेवटी उरलं काय, तर फर्दापूर. तिथे अजिंठ्याच्या लेण्यांच्या रस्त्याला त्यांच्या मावसबहिणीचं दुकान आहे, आणि तिच्याशी त्यांचं कित्येक वर्षांत धड बोलणं नाही. म्हणजे तिथे जाणार हे कुणालाच सुचणार नाही. म्हणजे तिथेच गेले असणार! आम्ही तिघं स्वतःवर इतके खूष झालो, की जुनेदनं हेल्मेट चढवलं आणि भर उन्हात अजिंठ्याच्या दिशेनं मोटारसायकल हाणली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

हे सगळं चाललेलं असताना शकीलाभाभी अंगणात निळा ड्रम आडवा पाडून आतून घासत होत्या. मला संताप आला. म्हटलं, “भाभी, माणूस बेपत्ता आहे आणि तुम्ही ड्रम काय घासताय?”

“मग काय करू?” त्या म्हणाल्या. “आज टँकरची पाळी हाय.”

“पाळी गेली खड्ड्यात!”

त्यांनी ड्रम उभा केला, शेजारी दुसरा ठेवला, पाइपाचं टोक पदरानं पुसलं. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं, किंवा नवऱ्याची आशाच सोडली. मी उंबऱ्यावर बसले आणि देवाचं नाव घेऊ लागले. मृण्मयी ओळखीच्या दवाखान्यांत फोन करत होती, कुणी रस्त्यात पडलेला म्हातारा आणलाय का म्हणून. प्रत्येक वेळी ती ‘बरं, थँक्यू’ म्हणायची आणि माझा जीव पुन्हा जागेवर यायचा.

आणि मग भोंगा ऐकू आला.

गल्ली उठली. हंडे, कळश्या, बादल्या, पोरं. पण टँकर वळणावरून आत शिरला तेव्हा सगळ्या गल्लीनं आधी पाणी बघितलं नाही. ड्रायव्हरच्या शेजारच्या दारातून अर्धा बाहेर लोंबत, एका हातानं आरसा धरून, पांढऱ्या दाढीचे चांदपाशाभाई ओरडत होते, “सरका, सरका! आधी कोपऱ्यावरच्या म्हातारीला! मंग आमचे दोन! शकीला, ड्रम काढला का?”

माझ्या जिवात जीव आला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांना ओवाळावं आणि एक थोबाडीत द्यावी असं दोन्ही एकदमच वाटलं. मृण्मयी तर रडायलाच लागली.

शकीलाभाभी फक्त म्हणाल्या, “काढलाय. तुमी खाली उतरा, पाइपाला हात लावायचा नाय. बसा तिथं.” आणि ड्रम आम्ही दोघी सासू-सुनांनी भरले. अंगावरची साडी चिंब झाली. इतका आनंद मला त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कशानं झाला नाही. जुनेदला फोन लावला तर तो फुलंब्रीच्या पुढे पोचला होता. त्याला म्हटलं, “परत फीर बाबा, तुझे अब्बा टँकरवर सापडले.” तिकडून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला.

हॉस्पिटलला जाताना चांदपाशाभाई मृण्मयीच्या गाडीत माझ्याजवळ मागे बसले. शकीलाभाभी पुढे, मांडीवर कपड्यांची पिशवी. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा ते हळूच मला म्हणाले, “ताई, भाभीला सांगू नका. मी पाणी आणायला नव्हतो गेलो.”

“मग?”

“पळालो होतो. पडेगावच्या रस्त्याला उभा होतो, काळ्यापिवळ्या जीपची वाट बघत. खुलताबादला जाऊन अम्मीपाशी पडून राहावं, जे व्हायचं ते तिथं व्हईल, असं ठरवलं होतं. जीप आली पण. एक पाय आत ठेवला आन समोरून कचरूचा टँकर येताना दिसला. म्हटलं, आज आपल्या गल्लीची पाळी आली वाटतं. जुनेद झोपलेला असंल, शकीलाची कंबर दुखती, ती काय ड्रम उचलणार? पाय काढला बाहेर. टँकर थांबवला.” त्यांनी पुढे बसलेल्या भाभींकडे एकदा बघितलं. “भ्यालो होतो ताई. लई भ्यालो होतो.”

मी त्यांचा हात धरला. आमच्या पिढीत असं परक्या पुरुषाचा हात धरणं होत नाही, पण धरला. मनात म्हटलं, या भल्या माणसाची लाज आपण झाकून ठेवू.

मंगळवारी ऑपरेशन सुरू झालं. बाहेरच्या बाकावर आम्ही सगळे. जुनेद दर थोड्या वेळानं उठून दरवाज्याच्या गोल काचेतून आत बघायचा, जसं काही दिसणारच होतं. मृण्मयीनं डबा आणला, कुणी उघडला नाही. शकीलाभाभी तसबीह हातात घेऊन मणी सरकवत होत्या, ओठ हलत होते. त्यांच्याकडे बघून मला आदल्या दिवशीच्या माझ्या आरडाओरड्याची लाज वाटत होती. कधी दुपार झाली कळलं नाही. शेवटी दार उघडलं, डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आले आणि म्हणाले, “चांगलं झालं. अगदी चांगलं झालं. जरा वेळानं काचेतून बघता येईल.”

जुनेद मटकन खालीच बसला. मृण्मयीनं मला मिठी मारली, ही आमच्या घरातली पहिलीच. भाभींनी तसबीह डोळ्यांना लावली आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. सकाळपासून, खरं तर कित्येक आठवड्यांपासून आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं. मी जवळ सरकून बसले. पुरतं रडून झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं, जुनेद आणि मृण्मयी खाली औषधं आणायला गेलेत याची खात्री केली, आणि मला विचारलं, “पडेगावच्या रस्त्यालाच उभे होते ना?”

मी दचकलेच. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? भ्याले की ते अम्मीच्या कबरीपाशी जातात. आमच्या लग्नाच्या दिवशी पण गेले होते, मौलवी वाट बघत बसले.” त्या रडतारडता हसल्या. “परवाच कचरूला फोन केला मी. म्हटलं, कचरूभाऊ, सोमवारी आमची पाळी नाय हे मला ठावं हाय, पण एक खेप आण. पडेगावच्या विहिरीवर भर आन सकाळी सकाळी त्याच रस्त्यानं हळूहळू ये. चाचा रस्त्यात दिसतील. तू हाक मारू नको. त्येच हात करतील.”

जन्मात एकदाही पटाला हात न लावलेली ही बाई! आणि आम्ही तिघं उंटावरचे शहाणे, फुल्या मारत बसलो होतो.

“अहो, पण मग आम्हाला का नाही सांगितलं?” मी म्हटलं. “जुनेद बिचारा फुलंब्रीपर्यंत गेला! आम्ही सरळ जाऊन त्यांना घेऊन आलो असतो!”

“म्हणून तर नाय सांगितलं, ताई. तुमी धरून आणलं असतं. धरून आणलेला माणूस गपगुमान टेबलावर झोपतो व्हय? मी पण दारात आडवी पडू शकले असते. पण मंग ते आतून पळालेलेच राहिले असते.” त्यांनी पदर सारखा केला. “भीतीपेक्षा घरातलं पाणी मोठं वाटतं का त्यांना, तेवढंच बघायचं होतं. नसते आले तर...”

तेवढ्यात नर्सनं बोलावलं. आम्ही दोघी काचेपाशी गेलो. आत चांदपाशाभाई नळ्यांच्या जंजाळात झोपले होते, दाढी काढलेली, ओळखू न येणारे. छाती मात्र संथ वरखाली होत होती. भाभींनी कपाळ काचेला टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग माझा हात दाबून म्हणाल्या, “कचरूचं त्यांना सांगू नका हां, ताई. त्यांना वाटू दे, सोताच्या पायानं परत आले.”